गोल्फची काठी आणि खेळणाऱ्याचा हात

सुरत शहराच्या आग्नेय अंगास लिंबायत नावाची मोठी श्रमिक वस्ती आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी कुटुंबांनी ती गजबजलेली असून, तेथे गुजराती आणि हिंदीच्या जोडीने मराठी व अहिराणीही पावलोपावली कानी पडते. यातल्या पुष्कळ घरांचा संसार यंत्रमागावर उभा राहिला. जुन्या धाटणीचा माग चालू असताना जो अखंड खडखडाट ऐकू येतो, त्याचा ठोका एका लाकडी काठीचा असतो. धोट्याला टोला देऊन ताण्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत भिरकावून द्यावयाचे, हे तिचे काम. मिनिटाला शंभरावर टोले, आणि तेही दिवसरात्र. ही काठी फार ताठ असली तर हादऱ्याने तडकते. फार लवचिक असली तर धोटा अर्ध्या वाटेत रेंगाळतो. म्हणून इंग्लंड-अमेरिकेतल्या गिरण्यांत मागाची ही काठी हिकरी नावाच्या अमेरिकन झाडाच्या लाकडाची करीत. चिवट, वाकून पुन्हा सरळ होणारे आणि हादरा पोटात घेणारे असे ते लाकूड आहे.

नेमक्या त्याच गुणांसाठी आणि बव्हंशी त्याच काळात हे लाकूड आणखी एका कामी येत होते. साहेबलोक मैदानावर एक लहानसा चेंडू टोलवीत मैल दोन मैल चालत जात, त्या गोल्फ नावाच्या खेळातील काठीचा दांडा हिकरीचाच असे. लिंबायतच्या गल्ल्यांत गोल्फ खेळला जात नाही; नीलगिरी मैदानावरही मुले दिसतात ती क्रिकेटची. परंतु काठी आणि तिच्या टोल्याचा मेळ कसा बसवावा, हा मागावरचा प्रश्न गोल्फच्या इतिहासातही पाचशे वर्षे खेळला गेला आहे. त्यात एक वेगळी अडचण एवढीच की, मागाचा टोला दर वेळी सारखा असतो आणि माणसाचा नसतो.

गोल्फमध्ये खेळाडू काठी खांद्यामागे नेतो, खाली आणून चेंडूला भिडवतो आणि तशीच पुढे डोक्यावर नेऊन थांबवतो. या सबंध क्रियेला लाठी शिकवणाऱ्यांचा शब्द घेऊन ‘फेर’ म्हणता येईल. दोन माणसांचा फेर सारखा नसतो. कोणाचे मनगट चपळ, कोणाची कंबर आखडलेली, कोणाचे हात लांब. कोणी सावकाश उचलून सावकाश आणणारा, तर कोणी वीज पडावी तसा टोला हाणणारा. मग काठी कोणाच्या मापाची करावयाची? ज्याच्या हाती ती जाणार त्याच्या, की कारखान्यात ठरलेल्या ठोकळ माणसाच्या? हौशी खेळाडूला हा प्रश्न विशेष जाचतो. धंदेवाईक खेळाडू रोज तासन् तास सराव करून वाकड्या काठीलाही वळण लावू शकतो. रविवारी सकाळी दोन तास खेळणाऱ्या डॉक्टरला किंवा वकिलाला ते साधत नाही.

या खेळाच्या काठ्या विकत घेतल्याची पहिली नोंद १५०२ सालची आहे. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याने पर्थ गावच्या एका कारागिराकडून त्या घेतल्या. गंमत अशी की, याच्या आधी १४५७ पासून तीन वेळा स्कॉटलंडच्या राजसत्तेने गोल्फवर बंदी घातली होती, कारण तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून या खेळाच्या नादी लागली होती. आणि जेम्सने ज्याच्याकडून काठ्या घेतल्या तो कारागीर धनुष्ये बनविणारा होता! पुढे १६०३ मध्ये सहाव्या जेम्सने विल्यम मेन या एडिंबरोच्या धनुष्यकारालाच आपला काठ्या करणारा नेमले. त्याच वर्षी हा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला. पाच वर्षांनी, १६०८ च्या ऑगस्टमध्ये, ‘हेक्टर’ नावाचे जहाज सुरतेच्या बंदरी लागले. त्यातून उतरलेल्या विल्यम हॉकिन्सने जहांगीर बादशहासाठी पत्र आणले होते, ते याच राजाचे. तेव्हा सुरतेला आलेल्या त्या इंग्रजांचा धनी गोल्फचा शौकीन होता, एवढे म्हणता येते. त्यांच्यापैकी कोणी तापीच्या वाळवंटात चेंडू टोलवला असेल, ही मात्र निव्वळ कल्पना होईल.

काठीचे काम धनुष्यकाराकडे जावे यात अर्थ होता. लाकूड किती वाकेल, वाकून किती जोराने परतेल आणि कोणत्या ठिकाणी मोडेल, हे त्याच्याइतके कोणाला कळणार? शिवाय एक गोष्ट त्याच्या धंद्यातच मुरलेली होती. धनुष्य ओढणाऱ्याच्या बाहूच्या मापाचे आणि बळाचे असावे लागते. पाच हात उंचीच्या शिपायाचे धनुष्य पोराच्या हाती देऊन चालत नाही. हीच समज काठीच्या धंद्यातही आली. १६८७ साली एडिंबरोत वैद्यकीचा अभ्यास करणाऱ्या थॉमस किंकेड या तरुणाने आपल्या रोजनिशीत गोल्फविषयी जे टिपण केले, ते या दृष्टीने मोठे वाचनीय आहे. उभे कसे राहावे, अंग कसे वळवावे, हे लिहिता लिहिता तो दांड्याकडे वळतो: दांडा हेझलच्या लाकडाचा हवा, तो चांगला लवचिक हवा आणि मुठीकडेही तितकाच वाकणारा हवा. फेर आणि काठी यांचा विचार एकत्र करणारा हा पहिला ज्ञात खेळाडू, आणि तो हौशी होता, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे या गोष्टीचे नवल वाटू नये. विटीदांडू खेळणारे पोर बाभळीची फांदी तोडते तेव्हा आधी ती हातात धरून दोनदा हवेत फिरवून पाहते. दांडू लांब झाला तर खाली जमिनीला लागतो, आखूड झाला तर विटी हुकते, जड झाला तर उडालेल्या विटीपर्यंत वेळेवर पोचत नाही. मग चाकूने तासणे सुरू होते. थोरल्या भावाचा दांडू धाकट्याला नको असतो, आणि त्याचे कारण त्याला सांगता येत नसले तरी त्याच्या मनगटाला ठाऊक असते. तालमीत मुद्गलांच्या अनेक जोड्या मांडलेल्या असतात. नव्या पोराने थोरल्या जोडीला हात घातला तर वस्ताद डोळे वटारतो, तेही याच कारणाने.

एकोणिसाव्या शतकापर्यंत गोल्फची काठी अशीच एकेक करून घडत होती. सेंट अँड्र्यूज गावचा ह्यू फिल्प हा या कलेतला नामांकित कारागीर. त्याचा वारस रॉबर्ट फॉर्गन याने अमेरिकेहून येणाऱ्या हिकरीचे मोल ओळखले, आणि ॲश व हेझल या देशी लाकडांना मागे टाकून हिकरीचा दांडा सर्वत्र झाला. दरम्यान चेंडूही बदलला. पूर्वी कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून भरीत. असा चेंडू महाग पडे आणि भिजला की निकामी होई. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडाच्या चिकापासून केलेला गट्टापर्चाचा चेंडू आला. तो स्वस्त आणि टणक होता. त्याच्या आघाताने काठीची नाजूक लाकडी डोकी फुटू लागली. मग डोकी आखूड आणि भक्कम झाली, लोखंडी काठ्यांचा वापर वाढला. क्लीक, मॅशी, निब्लिक, स्पून, बॅफी अशी त्यांची नावे होती. नावांवरून काठीचे काम कळे, पण माप कळत नसे. कारण एका कारागिराची मॅशी दुसऱ्याच्या मॅशीसारखी असेलच असे नव्हते.

त्या काळचा खेळाडू काठी निवडी, ती पद्धत आजच्या माणसाला भाजीबाजारातली वाटेल. दुकानात शंभर दांडे उभे असत. तो एकेक उचलून जमिनीवर टेकवून वाकवून पाही, हवेत फिरवी, परत ठेवी. लाकडाला व्यक्तित्व असते. एकाच झाडाच्या दोन फळ्यांतून निघालेले दोन दांडे सारखे वाकत नाहीत. हिकरीत आणखी एक खोड होती. जोराने फेर घेतला की दांडा स्वतःभोवती किंचित पिळवटे आणि काठीचे तोंड वाकडे होऊन चेंडू भलतीकडे जाई. म्हणून हिकरीच्या काळातले खेळाडू घाई न करता, मनगट मोकळे सोडून, लयीत फेर घेत. काठी खेळाडूला निवडी आणि काही अंशी घडवीही. एक चांगली काठी हाती लागली की माणूस ती वर्षानुवर्षे जपे. दांडा मोडला तर दुखवटा पाळल्यासारखा दिसे.

हा खेळ हिंदुस्थानात फार लवकर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ मधला आणि मुंबईचा १८४२ मधला. ब्रिटनबाहेर इतके जुने क्लब क्वचित आढळतात. लष्करी छावण्या आणि जिल्ह्याची ठाणी यांच्या आसऱ्याने तो मराठी मुलखात पसरला. पुण्यास येरवड्याच्या बाजूस मैदान झाले, तर चेंबूरचा क्लब १९२७ मध्ये उभा राहिला. नाशकात तर खेळ गेल्यावरही नाव उरले. ज्या मैदानावर रणजी करंडकाचे सामने झाले आणि ज्याला पुढे हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव देण्यात आले, त्याला गावकरी ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणत आले आहेत. कलेक्टर जॅक्सनवर १९०९ साली गोळी झाडणाऱ्या तरुणाचे नाव साहेबांच्या खेळाच्या जागेला मिळावे, याहून विलक्षण नामांतर कोणते!

साहेब काठ्या विलायतेहून आणी. त्या त्याच्या मापाच्या असत, निदान त्याने स्वतः निवडलेल्या असत. त्या खांद्यावर घेऊन त्याच्या मागून चालणारा मात्र इथल्या वस्तीतला मुलगा असे. त्यालाच कॅडी म्हणत. कोणत्या अंतराला कोणती काठी द्यावी, साहेबाचा चेंडू कोणत्या काठीने उजवीकडे पळतो आणि कोणत्या काठीने सरळ जातो, हे त्या मुलाला साहेबापेक्षा अधिक अचूक कळे. म्हणजे काठी आणि फेर यांच्या मेळाचा रोजचा अभ्यास ज्याचा सर्वांत चांगला, त्याच्या स्वतःच्या मापाची मात्र एकही काठी नसावी, अशी ही व्यवस्था होती. या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पोलादी दांडा आला आणि सगळे पालटले. पोलादी दांड्याचा पहिला प्रयोग एडिंबरोत १८९४ मध्येच झाला होता, पण नियम आड येत होते. अमेरिकेने १९२४ मध्ये परवानगी दिली, ब्रिटनने १९२९ मध्ये. प्रिन्स ऑफ वेल्स पोलादी दांड्याच्या काठ्या घेऊन सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर उतरले, तेव्हा नियम बदलणे नियामकांना भागच पडले, असे सांगतात. पोलादाचा गुण हा की, एक नळी दुसरीसारखी होते, आणि ती पिळवटत नाही. मग जोरकस टोल्याला मोकळीक मिळाली. त्याबरोबर ‘जुळवलेला संच’ बाजारात आला. मॅशी-निब्लिक ही गोड नावे जाऊन काठ्यांवर आकडे आले. रॉबर्ट ॲडम्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने मुठीच्या टोकापासून १४ इंचांवर आधार देऊन काठी तोलण्याचा एक तराजू तयार केला होता. फिरवताना डोके किती जड लागेल याचा अंदाज त्याने येतो. त्या तराजूवर संचातल्या सर्व काठ्या सारख्या तोलून निघू लागल्या. विक्री इतकी वाढली की काही खेळाडू वीस-पंचवीस काठ्यांचे भारे घेऊन फिरू लागले आणि कॅडींच्या पाठी वाकल्या. अखेर अमेरिकेत १९३८ पासून आणि ब्रिटनमध्ये १९३९ पासून १४ काठ्यांची मर्यादा घालण्यात आली. ती अद्याप आहे.

जुळवलेला संच ही सुधारणाच होती, यात वाद नाही. बॉबी जोन्सची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. धंदेवाईक न होता, हौशी राहूनच त्याने १९३० मध्ये ब्रिटन-अमेरिकेच्या चारही मुख्य स्पर्धा जिंकल्या. त्याच्या काठ्या हिकरीच्या होत्या आणि त्याने त्या केवळ हाताच्या जाणिवेने वर्षानुवर्षे वेचून जमविल्या होत्या. पुढे उपकरणांनी मोजल्या तेव्हा त्या एकमेकींशी आश्चर्यकारक जुळल्या, एक वगळता. आणि नेमकी तीच काठी जोन्सला सदैव त्रास देत असे! कथेला थोडी कल्हई लागली असण्याचा संभव आहे. तरीही तिचा रोख खरा आहे. जोन्ससारखा हात लाखात एकाचा. इतरांना त्या हाताऐवजी कारखान्याचा तराजू मिळाला.

पण तराजूने एक गोष्ट नजरेआड केली. काठ्या एकमेकींशी जुळल्या, म्हणजे खेळाडूशी जुळल्या असे नव्हे. कारखान्याने एक मध्यम उंचीचा, मध्यम बळाचा पुरुष कल्पिला आणि त्याच्या मापाचे लक्षावधी संच काढले. ज्याची अंगलट त्या कल्पित पुरुषासारखी नव्हती, त्याने आपला फेर मोडून काठीला शरण जावे, अशी वेळ आली. स्त्रियांना तर दीर्घकाळ पुरुषांच्याच काठ्या आखूड करून दिल्या जात. शिवणकाम ठाऊक असलेल्या कोणाही गृहिणीने या कारभाराला हसावे.

न जुळणारी काठी नेमके काय बिघडवते, हे थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. डोके आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढी टिकते. त्या निमिषात डोके जमिनीवर सपाट असावे लागते. दांडा आणि डोके यांतला कोन खेळाडूला उभट पडला, तर डोक्याची टाच खाली टेकते, टोक वर राहते, आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जातो. कोन आडवा पडला तर उलट. खेळाडूला वाटते आपले मनगट चुकले; तो मनगट दुरुस्त करू जातो, आणि जे मुळात ठीक होते तेही बिघडते. वर्षानुवर्षे शिक्षकाला पैसे देऊन जो दोष गेला नाही, तो काठीचा कोन दोन अंशांनी वाकवताच गेल्याची उदाहरणे या धंद्यात नवलाची नाहीत.

लांबीचे तसेच. उंच माणसाला लांब काठी हवी, हा समज अर्धवट आहे. उंच माणसाचे हातही बहुधा लांब असतात. म्हणून मोजावयाचे ते मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर, डोक्यापासून पायापर्यंतचे नव्हे. मूठ बोटांना बारीक पडली तर हात नकळत आवळला जातो आणि मनगटे अधिक वळतात. जाड पडली तर ती अडखळतात. दांड्याच्या ताठपणाला वेगाचा हिशेब आहे. लांब पल्ल्याच्या काठीचे डोके ताशी दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर फिरविणाऱ्यास मध्यम दांडा पुरतो. त्याहून बराच अधिक वेग असला तर ताठ दांडा लागतो. पण केवळ वेग पाहून भागत नाही. वर पोचताच झटक्याने खाली येणारा आणि सावकाश लय वाढवीत येणारा, असे दोघे शेवटी एकाच वेगाला पोचले, तरी दोघांचे दांडे एक नसतात.

हौशी खेळाडूची खरी परीक्षा काठीच्या तोंडाच्या कलात होते. तोंड जितके मागे कललेले तितका चेंडू उंच जातो. कमी कलाची काठी चेंडू लांब नेते असे ऐकून तो तीच मागतो. कारण विजेता तीच वापरतो. विजेत्याच्या वेगाला ते शोभते. मंद फेराचा चेंडू तशा काठीने उडतच नाही, जरासा उठून खाली बसतो, आणि कल अधिक असलेल्या काठीने तोच माणूस चेंडू वीस पावले पुढे टाकतो. दोन आणि तीन क्रमांकाच्या लोखंडी काठ्यांनी हौशी खेळाडूंच्या कित्येक पिढ्यांना असेच रडविले. त्या पिशवीत मानाने बसत आणि मैदानावर अपमान करीत. लोखंड आणि लाकूड यांच्या मधल्या घडणीच्या संकरित काठ्या आल्या, तेव्हा कोठे त्यांची रजा झाली. येथे दोष केवळ कारखान्याचा म्हणता येत नाही. आपल्या फेराचा वेग अमुक आहे, तमुक नाही, हे मान्य करावयाला जी विनम्रता लागते ती दुकानात विकत मिळत नाही.

या बाबतीत वळण लावणारा माणूस स्वतःच उशिरा खेळू लागलेला हौशी होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. नॉर्वेत जन्मलेला कार्स्टन सॉल्हाइम हा अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अभियंता होता. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याने पहिल्यांदा गोल्फची काठी हाती धरली, आणि जवळचे टोले त्याला काही केल्या साधेनात. आपल्या हाताला दोष देत न बसता त्याने काठीची चौकशी केली. डोक्याचे वजन मध्याऐवजी कडांकडे वाटले, तर टोला थोडा बाजूला लागला तरी डोके कमी वळते, हे यंत्रशास्त्रातले साधे तत्त्व त्याने लावले. १९५९ मध्ये आपल्या मोटारखान्यात त्याने अशी पहिली काठी केली. टोल्याचा आवाज ‘पिंग’ असा येई, तेच नाव तिला मिळाले. पुढे १९७० च्या दशकात त्याने काठीच्या कोनाप्रमाणे रंगीत ठिपके देण्याची पद्धत काढली. खेळाडूचे माप घ्यावयाचे, आणि त्याचा जो रंग निघेल त्या रंगाची काठी द्यावयाची. धनुष्यकाराची जुनी समज कारखान्यात अशी परत आली. त्यानंतर डोकी धातूची आणि मोठी होत गेली, आणि या शतकात रडारने चेंडूचा वेग, कोन आणि फिरकी मोजणारी यंत्रे निघाली. आता फेर मोजला जातो आणि मग काठी सुचविली जाते.

येथवरची कथा ऐकून माप जुळले की खेळ जुळला, असा निष्कर्ष निघेल. पण तो पापवा सेवगोलम याच्या उदाहरणाने अडखळतो. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथील हिंदी वंशाच्या गरीब घरात तो वाढला आणि कॅडीचे काम करू लागला. झाडाची फांदी तोडून केलेल्या काठीने त्याने खेळ स्वतःच शिकला. कोणी शिकविणारे नसल्याने त्याच्या हातांची पकड सगळ्या जगाच्या उलट, डावा हात खाली आणि उजवा वर, अशी बसली. शास्त्र सांगते की या पकडीने फेर आखडतो. या पकडीनेच त्याने १९५९, १९६० आणि १९६४ मध्ये डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये नाताळ ओपन जिंकल्यावर वर्णभेदामुळे त्याला क्लबच्या इमारतीत प्रवेश नव्हता. भर पावसात बाहेर उभे राहून त्याने चषक स्वीकारला. त्याला मापाची काठी लहानपणी मिळाली असती तर तो आणखी थोर झाला असता, की त्याचा तो अद्भुत फेर जन्मालाच आला नसता? याचे उत्तर कोणते यंत्र देईल?

हिंदुस्थानातही बिल्लू सेठी यांनी १९६५ ची इंडियन ओपन हौशी खेळाडू म्हणून जिंकली, तर कॅडीचा मुलगा अली शेर १९९१ मध्ये तीच स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय धंदेवाईक झाला. कलकत्त्याच्या क्लबात गवत राखणाऱ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया मागून आणलेल्या काठ्यांवर शिकला, आणि २००८ मध्ये दिल्लीस मोठमोठ्या युरोपीय खेळाडूंना मागे टाकून गेला. जवळच्या टोल्यांतले त्याचे कसब वाखाणले जाते. लांब टोल्याला काठी मापाची लागते, जवळच्या टोल्याला ती तितकी लागत नाही. परक्या काठीवर वाढलेल्या मुलाचे बळ तेथे साठावे, हे समजण्यासारखे आहे.

चेंबूरच्या क्लबालगतच्या झोपडपट्टीतील मुलांनी तर आपला वेगळाच गोल्फ काढला. त्यांचे मैदान म्हणजे घरांमधल्या बोळी, चेंडू प्लास्टिकचा, आणि काठी म्हणजे बांधकामावरची लोखंडी सळई, खालचे टोक ठोकून वाकविलेली आणि वरच्या टोकाला मूठ बसविलेली. दिवसा दुसऱ्याच्या चौदा काठ्यांचा भार वाहावयाचा आणि फावल्या वेळी आपल्या एका सळईने खेळावयाचे. ती सळई मात्र ज्याची त्याने आपल्या हाताच्या लांबीने तोडलेली, आपल्या डोळ्याने वाकविलेली. कोन पटला नाही तर दगडावर ठेवून पुन्हा दोन ठोके द्यावयाचे. रंगीत ठिपक्यांनी सॉल्हाइमने जे साधले, तेच ही मुले हातोडीने साधतात.

पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळला. ज्या गावात एके काळी मराठी माणसाचा गोल्फशी संबंध बहुधा पिशवी उचलण्यापुरता येई, त्या गावाचा खेळाडू आता आपल्या मापाच्या काठ्या घेऊन जगाच्या मैदानावर उतरतो. लिंबायतकडे पाहिले तर तेथेही काठीचे दिवस पालटत आहेत. पाण्याच्या झोतावर किंवा पोलादी पट्टीवर धागा नेणारे नवे माग आले, त्यांत धोटा नाही आणि धोट्याला टोला देणारी काठीही नाही. जेथे जुने माग अजून चालतात, तेथे खडखडाटाचा ताल जरा चुकला की माग दुरुस्त करणारा कारागीर येतो, काठीचा पट्टा सैल करतो, काठी हाताने एकदा ओढून सोडतो, कान देऊन ऐकतो आणि पट्टा पुन्हा आवळतो.